माझं मागाहून

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या आमच्या जुन्या मराठी मंडळाला यंदा दहा वर्षं झाली म्हणे. अंक काढतायत. चिटणीसांचा फोन आला, "नलूताई, विश्वासराव मगदूमांवर चार ओळी लिहून द्या ना. तुम्ही त्यांच्या खालीच राहायचात." दिल्या लिहून. 'मंडळाचे आधारस्तंभ, सढळ हाताचे यजमान, उमदं व्यक्तिमत्त्व.' पाकीट चिकटवलं, पोस्टात टाकलं, घरी आले, आणि दिवसभर स्वतःवरच चिडचिड करत बसले. इतकं धडधडीत खोटं मी शाळेतल्या निबंधातसुद्धा लिहिलं नव्हतं. म्हणून हे उरलेलं आता इथे नव्या गावी, कॅरीत, बसून लिहितेय. हे अंकात कुणी छापणार नाही, आणि मी देणारही नाही.

त्यांच्या खाली राहायचे हे मात्र अगदी खरं. दुमजली अपार्टमेंट होतं, वर मगदूम, खाली आम्ही नवरा-बायको. मधली जमीन लाकडाची आणि इतकी पातळ की वर कुणी चमचा पाडला तरी मला कळायचं. रोज सकाळी सात वाजता वरून विश्वासरावांचा आवाज यायचा, "संपव!" मग, "शेवटचा घोट राह्यलाय, मला दिसतोय!" त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात लहान पावलं धावत बाथरूमकडे जायची. पहिली दोन वर्षं मी हे ऐकलं आणि चहा पीत राहिले. तेही इथे लिहून ठेवते.

माणूस दिसायला देखणा होता, नाही म्हणणार नाही. उंच, गोरा, कानाशी पिकलेले केस, अमेरिकेतही कडक इस्त्रीचा सफारी आणि खिशाला दोन पेनं. उजव्या हाताच्या बोटात पुष्कराजाची अंगठी. बोलताना तो हात असा पुढे करायचे की आधी अंगठी दिसायची, मग मुद्दा. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. काम काय, तर पंप आणि पाइप. कुठला पंप बंद पडला, कुठला पाइप गळतोय, ते बघायचं. चांगलं काम आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण ते सांगायचे, "आय ॲम इन फार्मा," आणि पुढे असे थांबायचे की समोरचा माणूस आपोआप जीभ दाखवायला लागावा.

लोक दाखवायचेही! एकाचा गुडघा, एकीचा थायरॉइड, कुणाच्या सासऱ्यांचं ब्लड प्रेशर. विश्वासराव डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "काही नाही, अशक्तपणा आहे. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध घ्या." गुडघ्याला दूध, थायरॉइडला दूध. एकाचं ग्रीन कार्ड अडकलं होतं, त्याला दूध सांगितलं नाही हे नशीब.

मी आहारशास्त्र शिकलेली. तिथल्या हॉस्पिटलात सात वर्षं पेशंटांच्या जेवणाचे तक्ते करत होते, कुणाला काय चालतं आणि काय नाही हे बघणं हीच माझी नोकरी. विश्वासराव माझी ओळख करून द्यायचे, "या आमच्या नलूताई. हॉस्पिटलात स्वयंपाकघर सांभाळतात." आणि मी हसायचे. आता त्या हसण्याचाच राग येतो.

त्यांच्या घरी दूध म्हणजे लाल झाकणाचा गॅलनचा कॅन. साय निघणारं पूर्ण दूध. दोन टक्केवाल्या दुधाला ते 'भांडी विसळलेलं पाणी' म्हणायचे. इथलं दूध उकळावं लागत नाही, पण त्यांच्याकडे ते तीनदा उकळायचं. मग एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन ते उजेडात धरायचे आणि सुधावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणायचे, "ठीक आहे. म्हशीचं नाही, पण ठीक आहे." मग सांगलीकडच्या गोठ्याची गोष्ट. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्या गोठ्यात सात म्हशी होत्या. मी पार्सिपनी सोडलं तेव्हा अकरा झाल्या होत्या आणि त्यातली एक प्रदर्शनात पहिली आली होती. सुधावहिनी खाली मान घालून पेले विसळत राहायच्या.

एक शब्द त्या घरात चालत नसे. 'बाधणं'. आपल्याकडे किती सहज म्हणतो आपण, काकडी बाधली, वांगं बाधतं, रात्रीचं दही बाधतं. विश्वासरावांसमोर कुणी म्हणालं, "मला जरा दूध बाधतं हो," की झालं! "बाधतं? दूध म्हणजे काय भूत आहे का बाधायला?" आणि मग अंगठीचा हात पुढे करून, "आमच्यात कुणाला दूध बाधत नाही." या 'आमच्यात' सांगलीकडच्या सात पिढ्या यायच्याच, शिवाय त्यांच्या सोफ्यावर बसलेला प्रत्येक माणूस यायचा.

मी एकदा समजावून सांगायला गेले. म्हटलं, दुधात एक साखर असते, लॅक्टोज. ती पचवायला पोटात एक पाचकरस लागतो. तान्हेपणी तो भरपूर असतो, पुढे पुष्कळांचा कमी कमी होत जातो. मग ती साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते, गॅस धरतो, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. हा काही रोग नाही की नाजूकपणा नाही. किती बाधेल तेही ज्याचं त्याला वेगळं. विश्वासरावांनी सगळं गोड हसून ऐकून घेतलं. म्हणाले, "हे या गोऱ्यांचं असेल. यांची आतडीच कच्ची."

"उलट आहे," मी म्हटलं. "यांच्यातल्या पुष्कळांना जन्मभर दूध पचतं. आपल्यातल्याच कितीतरी जणांना पचत नाही."

"असं?" ते म्हणाले. "मग तर यांना पिऊनच दाखवलं पाहिजे!"

मी उठून घरी आले.

मंडळाची कोजागिरी ही त्यांची खास मिरासदारी. हॉल म्हणजे एका चर्चचं तळघर, मिळायचं रविवारी दुपारी तीन ते सात. त्यामुळे आमची कोजागिरी टळटळीत उन्हात साजरी व्हायची, चंद्र आम्ही कधी बघितलाच नाही. पण दूध असायचं. दोन मोठी पातेली, केशर, बदाम, चारोळी, आटवून आटवून घट्ट केलेलं. वाढायचे स्वतः विश्वासराव. ओगराळं दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. पेला भरून तुमच्या हातात द्यायचे आणि समोर उभे राहायचे. तुम्ही प्यायलात की पेला उलटा करून बघायचे. कुणी म्हटलंच, "विश्वासराव, तुम्ही पण घ्या ना," तर छातीवर हात ठेवून म्हणायचे, "तुमचं होऊ द्या. माझं मागाहून." बायका आपापल्या नवऱ्यांना कोपरानं ढोसायच्या, बघा, याला म्हणतात यजमान. मीसुद्धा म्हटलं होतं माझ्या नवऱ्याला एकदा, बाकी काही असो, आधी दुसऱ्याचा विचार करतो हा माणूस. शिकलेली बाई मी! पण डोळे कुठे होते कोण जाणे.

आमच्या समोरच्या इमारतीतल्या जोशींचे वडील पुण्याहून आले होते, साधे, हळू बोलणारे. त्यांनी पेला घेतला नाही. "मला सोसत नाही हो आता," एवढंच म्हणाले. विश्वासराव म्हणाले, "काका, आमच्या हातचं नाकारता? अमेरिकेत येऊन?" सगळा हॉल बघायला लागला. काकांनी काय करावं? प्यायले बिचारे. आणि विश्वासरावांनी आणखी अर्धा पेला ओतला. तळघरात बाथरूम एकच, तेही पुढच्या बाजूला, खुर्च्यांच्या रांगांसमोरून जावं लागायचं. तासाभरानं काका उठले. पुढचं लिहीत नाही. धोतर नेसलेला सत्तरीचा माणूस, सगळ्यांसमोर, आणि दार आतून लागलेलं, आत कुणीतरी होतं. घरी जाताना गाडीत मागच्या सीटवर काका रडत होते असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं. विश्वासराव काय म्हणाले माहितीय? "वय झालं की माणसाचा कंट्रोल जातो."

आता मिनी. मीनाक्षी नाव, पण सगळे मिनी म्हणायचे. त्यांची एकुलती एक. तेव्हा तिसरीत होती. काडीसारखे पाय, मोठे डोळे, मराठी समजायचं सगळं पण उत्तर इंग्लिशमधून. सकाळी पेलाभर दूध, त्यावर शाळेची बस. शाळेत दुपारच्या जेवणाबरोबर दुधाचा छोटा डबा, तोही प्यायचाच असा बाबांचा हुकूम. मुलगी आठवड्यातून दोनदा नर्सच्या खोलीत पोट धरून आडवी. नर्स ताप बघायची, ताप नसायचा. परत वर्गात पाठवायची. एकदा वर्गातच तिला आवरलं नाही, आणि त्या दिवसापासून मुलांनी तिला जे नाव ठेवलं ते मी इथे लिहिणार नाही. मग ती शाळेतच जाईना. सकाळी पोट दुखतं म्हणून झोपून राहायची.

विश्वासराव म्हणाले, "नाटकं."

तिला शिक्षा काय दिली, तर वहीत शंभर वेळा लिहायचं, 'मी खोटं बोलणार नाही.' मराठीतून. म्हणजे मराठीचा सरावही होईल! एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या थाटात ते मला वही दाखवत होते. पहिल्या पानावर 'खोटं'चा 'ख' धड जमला नव्हता. शेवटच्या पानावर अक्षर मोत्यासारखं होतं. मिनीला मराठी लिहिता येतं ते असं.

वसंत सुरू झाला तेव्हा शाळेचं पत्र आलं. गैरहजेरी इतकी झालीय की हिला पुन्हा तिसरीतच बसवावं लागेल. सुधावहिनी पत्र घेऊन खाली आल्या. विश्वासराव कामावर होते. वहिनींना गाडी चालवता येत नसे, नव्हे, शिकू दिली नव्हती. मिनी दाराशी उभी होती. तिनं मला एकच विचारलं, "मावशी, डू यू थिंक आय ॲम लाइंग?"

"नाही गं राणी," मी म्हटलं. तशी ती एकदम रडायला लागली. मी सुट्टी टाकली आणि दोघींना गाडीत घालून मुलांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणजे एक वयस्कर बाई होती, शांत. तिनं सगळं विचारलं आणि आमच्याच हॉस्पिटलात तपासणी लिहून दिली. तपासणी अगदी साधी. लॅक्टोज घातलेलं पाणी प्यायचं आणि दर अर्ध्या तासानं एका पिशवीत फुंकायचं. साखर पचली नाही की आतड्यात जो वायू तयार होतो तो श्वासात उतरतो. मिनीचा उतरला, चांगला भरपूर उतरला. पोटही दुखलं. ती पोट धरून हसत होती! "इट हर्ट्स अँड दे कॅन सी इट!" म्हणत होती.

विश्वासरावांना कळल्यावर वर मोठा आवाज झाला. "पिशवीत फुंकून पोट कळतं? हा काय जत्रेतला फुगेवाला आहे?" पण डॉक्टरनं दोघांना बोलावलं तेव्हा हे गेले, आणि सुधावहिनी सांगत होत्या, तिच्यासमोर अगदी गरीब. "येस डॉक्टर, शुअर डॉक्टर." गोऱ्या माणसापुढे त्यांचा आवाज नेहमीच अर्धा व्हायचा. डॉक्टर म्हणाली, दोन आठवडे दूध पूर्ण बंद करा, मग बघू. हे म्हणाले, "ॲब्सोल्यूटली."

आणि खरोखर, सकाळचं "संपव!" बंद झालं. फ्रिजवर कॅलेंडर लावलं, दूध न दिलेल्या प्रत्येक दिवसावर लाल फुली. मी म्हटलं, चला, सुटली पोर. पण पावलं बाथरूमकडे धावायची ती धावतच होती. पंधराव्या दिवशी विश्वासराव ते कॅलेंडर गुंडाळून डॉक्टरकडे घेऊन गेले, विजयी मुद्रेनं. "नो मिल्क, डॉक्टर. फोर्टीन डेज. स्टिल पेन." डॉक्टर बिचारी गोंधळली. म्हणाली, मग दुसरं काहीतरी असेल, घशातून नळी घालून आतून बघावं लागेल. आणि तेही नसलं तर मानसोपचार. विश्वासराव घरी येऊन म्हणाले, "बघितलंत? दुधाचा काही संबंध नाही. पोरगी खोटं बोलते हे आता डॉक्टरही म्हणतात." डॉक्टर असं काही म्हणाली नव्हती.

त्या संध्याकाळी मिनी माझ्याकडे येऊन बसली. मी कागद-पेन्सिल काढली. हॉस्पिटलात रोज करते तेच केलं. म्हटलं, काल सकाळपासून काय काय खाल्लंस ते सांग बघू. ती बोटं मोजत सांगायला लागली. सकाळी चहा-बिस्किट. मग शिकरण-पोळी. दुपारी शेवयांची खीर. जेवणानंतर एक पेढा, मम्मीनं खव्याऐवजी रिकोटा चीजचा केला होता.

मी पेन्सिल टाकली आणि तशीच वर गेले.

"विश्वासराव, दूध बंद केलंत ना?"

"पूर्ण. कॅलेंडर बघा."

"मग शिकरण?"

"शिकरण म्हणजे केळी."

"आणि खीर?"

"त्यात शेवया असतात, ताई."

"चहा?"

"चहा म्हणजे चहा!" ते ओरडले. "डॉक्टरनं मिल्क म्हटलं होतं. मिल्कचा पेला मी तिला दिला असला तर सांगा!"

मला आधी वाटलं मुद्दाम करतोय. पण नाही हो, खरंच वाटत होतं त्यांना तसं. आणि न्यायानं बोलायचं तर ही चूक आपल्यापैकी कुणाच्याही घरात झाली असती. आपल्या लेखी दूध म्हणजे पेल्यातलं दूध. त्या डॉक्टर बाईला तरी काय माहीत की आमचा चहा अर्धा दुधाचा असतो आणि केळी दुधात कुस्करून पोळीशी खातात? ती इंग्लिशमधून 'मिल्क' म्हणाली, यांनी मराठीतून पेला ऐकला. इथवर मी माफ करायला तयार होते. पण चूक कळल्यावरही हे म्हणाले, "दोन चमचे दुधानं कुणी मरत नाही. नाटकं आहेत." बसा!

मग मी आणि सुधावहिनींनी मिळून केलं. दोन आठवडे खरोखर सगळं बंद. खीर, पेढा, चहा, पावाच्या पाकिटावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचायचं, कारण दुधाची पावडर कुठे कुठे घालतात देव जाणे. पाचव्या दिवशी वरची पावलं धावायची थांबली. आठव्या दिवशी मिनी शाळेत गेली ती रोज जायला लागली. चौथीत बसवली तिला. मग हळूहळू एक एक परत आणलं. ताक चाललं. घट्ट लावलेलं दही चाललं, कारण विरजणानं त्यातली बरीच साखर आधीच खाल्लेली असते. तूप चाललं. दूध जेवणाबरोबर दोन-चार घोट चाललं, नुसत्या पोटी नाही. दुधात आदल्या दिवशी पाचकरसाचे थेंब घालून ठेवायचे ते आणले. हाडांसाठी नाचणी, तीळ, पालेभाजी. एवढंच होतं हो सगळं. एवढ्यासाठी पोरीचं एक वर्ष गेलं असतं.

एका दुपारी सुधावहिनींना विरजणाचं समजावत होते, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "ताक मला कशाला शिकवता? ह्यांना जन्मभर तेच तर लागतं."

"म्हणजे?"

त्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांना कुठे दूध पचतं? लग्नाला अकरा वर्षं झाली, एक घोट घेतलेला मी बघितला नाही. चहा घेतात तोही कोरा. सासूबाई सांगायच्या, लहानपणी मामंजी पेला घेऊन ह्यांच्यासमोर उभे राहायचे. पाहुण्यांसमोर एकदा ह्यांना लुगड्यांच्या गाठोड्यावर बसल्या जागीच झालं, तेव्हा गोठ्यात नेऊन मारलं होतं. तेव्हापासून बोलत नाहीत त्याबद्दल."

मी तिथेच बसले. तुमचं होऊ द्या. माझं मागाहून. पाच पातेली दूध वाटलं असेल या माणसानं माझ्या देखत, आणि एकदाही मागाहून घेतलं नव्हतं.

सुधावहिनींनी हे सांगितलं ते मला त्यांची दया यावी म्हणून. मला दया नाही आली. मला संताप आला. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. अडाणी बापाला काय बोलायचं? पण याला माहीत होतं! तो मुरडा कसा येतो, घाम कसा फुटतो, दार किती लांब वाटतं, हे त्या घरात मिनीशिवाय फक्त याला माहीत होतं. आणि हा तिच्यासमोर पेला घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, नाटकं. त्या जोशीकाकांनाही यानंच म्हटलं, कंट्रोल जातो. भेकड मेला!

मिनी बरी झाली त्याचं श्रेय कुणी घेतलं ते सांगायला नको. "वाढीच्या वयात होतं असं. पाया दुधाचा होता म्हणून टिकली." पण 'खोटारडी' हा शब्द काही मागे घेतला नाही. मिनी मात्र वाट बघत होती. चौथीत, पाचवीत, अधूनमधून विचारायची, "मावशी, डिड बाबा से एनीथिंग?" मी म्हणायचे, म्हणतील गं. मला माहीत होतं, नाही म्हणणार. तिला मी सुधावहिनींचं बोलणं सांगितलं नव्हतं. पण ती काही आंधळी नव्हती. मोठी होत होती, आणि बापाच्या कपात काय असतं ते तिला रोज दिसत होतं.

सत्त्याऐंशीची कोजागिरी आमची तिथली शेवटची. माझ्या नवऱ्याची नोकरी कॅरीला ठरली होती, दोन आठवड्यांत निघायचं होतं. तेच तळघर, तीच दुपारची चारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. मी दोन पराती चिवडा करून नेला होता. मिनी तेरा वर्षांची, चष्मा लागलेला, उंची बापावर गेलेली. आता त्या पाचकरसाच्या गोळ्या मिळायला लागल्या होत्या, ती खिशात पाकीट ठेवायची आणि खाण्याआधी एक चघळायची. कुणाला सांगत नसे, लपवतही नसे. तिनं गोळी घेतली आणि मसाला दूध मजेत प्यायली.

विश्वासरावांनी ते पाहिलं आणि ओगराळं खाली ठेवलं. "मंडळी, ही बघा माझी मुलगी! लहानपणी दुधाला हात लावायची नाही. पोट दुखतं म्हणून काय काय नाटकं करायची. डॉक्टर झाले, पिशव्या झाल्या. मी म्हणत होतो, पोरगी खोटं बोलतेय. आज बघा, गटागट प्यायली!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिनीचा चेहरा मी बघितला. मला वाटलं, आता ही रडत बाहेर जाणार. पण ती पातेल्याकडे गेली, एक पेला काठोकाठ भरला आणि बापासमोर धरला. "बाबा, आता तुम्ही."

"तुमचं होऊ द्या. माझं..."

"नाही बाबा. आत्ता." मराठीतून, स्पष्ट. मग जवळ जाऊन, आवाज खाली आणून, मी बाजूलाच होते म्हणून मला ऐकू आलं, "टेक धिस फर्स्ट. नोबडी विल सी." दुसऱ्या मुठीत तिनं गोळी धरली होती.

एक शब्द पुरला असता. 'मला बाधतं.' दोनशे माणसांतली निम्मी तरी मनात म्हणाली असती, अहो, आम्हालाही! तेही नको, नुसती गोळी उचलायची. विश्वासरावांनी त्या मुठीकडे बघितलं, आणि अंगठीचा हात वर करून मोठ्यानं म्हणाले, "गोळी? मला? अहो, हिला वाटतं बाप हिच्यासारखाच नाजूक आहे!" सगळे हसले. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि रिकामा केला. उलटा करून दाखवला. कुणीतरी उत्साहानं दुसरा भरला. तोही प्यायले.

गाणी सुरू झाली. तिसऱ्या गाण्याला त्यांच्या कपाळावर घाम दिसला. आभाराच्या भाषणात स्वतःचं नाव आलं तेव्हा ते खुर्चीत नव्हते. खुर्च्यांच्या रांगांसमोरून, सफारीचं बटण धरून, वाकून, ते त्या एकुलत्या दाराकडे चालले होते. जोशीकाकांच्या सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

पावणेसात झाले. लोक गेले. सुधावहिनी गाडीपाशी पातेली घेऊन उभ्या होत्या. चर्चचा माणूस किल्ल्या वाजवत जिन्यावर थांबला होता. मी परात उचलून निघाले तर मिनी त्या बंद दारासमोर जमिनीवर बसलेली, पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी. आतून कण्हण्याचा आवाज आला. मग विश्वासराव, अगदी बारीक आवाजात, "मिनी? आहेस का तिथे? अगं, तो... नलूताईंचा चिवडा बाधला."

शेवटी तो शब्द निघाला तोंडातून, आणि निघाला तो माझ्या चिवड्यावर!

माझ्या जिभेवर असलं काही आलं होतं की चर्चमध्ये बोलू नये. पण मिनी आधी बोलली. रागानं नाही. "चिवडा नाही बाबा. दूध." मग ती म्हणाली, "खूप दुखतं ना? मला माहितीय."

मिनीनं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक तोडली आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवली. आता त्या गोळीचा काही उपयोग नव्हता. ती दुधाबरोबर घ्यायची असते, दोन तासांनी नाही. हे मिनीलाही माहीत होतं.

फटीतून आधी अंगठी दिसली, मग बोटं. फरशीवर चाचपडली. गोळी सापडल्यावर क्षणभर थांबली, आणि तिला घेऊन आत गेली. पुढचे दोन आठवडे, आम्ही निघेपर्यंत, ते मला टाळतच राहिले; विश्वासराव मगदूमांचं मला झालेलं शेवटचं दर्शन ते एवढंच.

मिनीनं वर माझ्याकडे बघितलं. तेरा वर्षांची घोडी झालेली, पण डोळे तिसरीतलेच.

"मावशी," ती म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?"